मास्तरांच्या हाताखाली

कोल्हार,
ता. २० नोव्हेंबर १९७२

चि. आसाराम यास,

मालनअक्काचा तुला, चांगुणाला आणि पोरासोरांना आशीर्वाद. आम्ही सगळे बरे आहोत. तुमच्याकडे पावसानं तोंड फिरवलंय, तेव्हा तुमची खुशाली विचारायला जीभ रेटत नाही. कडबा कितपत पुरतोय? इथं कालव्याची पाळी येते म्हणून ऊस तरी उभा आहे. तुझे दाजी म्हणतात, पाथर्डीकडे जाणारा कुणी ट्रकवाला भेटला तर उसाचे वाढे भरून पाठवतो, गुरांना होतील. भुरीला कालवड झाली, कपाळावर चांद आहे.

आता तू ज्यासाठी पाकीट फोडलंस ते. दसरा झाल्यावर गहिनीनाथाला तू एसटीत बसवून दिलंस आणि सोबत चिठ्ठी दिलीस. "अक्का, मॅट्रिकला दोनदा आपटला. रानात पाय टाकत नाही, तोंडातून शब्द काढत नाही. खायला काळ आणि भुईला भार. तुझ्याकडे काही उजेड पडला तर बघ." आणि ती चिठ्ठी त्याच्याच खिशात, उघडीच! अरे, पोरगं नापास झालं, निरक्षर नाही झालं. नगरला गाडी बदलेपर्यंत त्यानं ती किती वेळा वाचली असेल देव जाणे. माझ्या हातात आली तेव्हा घड्यांवर फाटायला आली होती.

आल्या आल्या जो पडवीत आडवा झाला तो झालाच. तुझे दाजी त्याला उसाला पाणी धरायला घेऊन गेले. हा फावडं टेकून उभा, आणि पाणी सगळं शेजाऱ्याच्या वाफ्यात. दाजी चिडले. म्हटलं, राहू द्या, पाणी गेलं, पोरगं नाही गेलं. त्यानंतर मी काहीच केलं नाही. भाकरी थापताना त्याला समोर बसवायची, गरम पानात घालायची, आणि पुढं काय करणार हा प्रश्न काही काढायचा नाही. तो प्रश्न त्याला सगळ्यांनी विचारून झाला होता, आसाराम. उत्तर असतं तर दिलं नसतं का?

पण आता काळजी सोड. पेठेत राधाकृष्ण म्हणून एक मास्तर आहेत, त्यांच्या हाताखाली त्याला घातलाय. वयस्कर आहेत, शांत आहेत, अंगावर हात टाकत नाहीत. सकाळी भाकरी खाऊन जातो तो दिवेलागणीला येतो. खडू-पट्टी हातात असते. मास्तर पुढचं काही शिकवायची घाई करत नाहीत. आधी मागचं सगळं सोडवायला लावतात. म्हणाले, "पोराचा हात चांगला आहे, नजर सरळ जाते."

परवा स्वतःहून म्हणाला, "आत्या, वाईच लवकर उठीव उद्या." मी पदरानं डोळे पुसले, म्हटलं धूर झालाय.

चांगुणाला हे पत्र वाचून दाखव, आणि गाळून दाखवू नकोस.

तुझी,
मालनअक्का


कोल्हार,
ता. ११ फेब्रुवारी १९७३

चि. आसारामास आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आणि तुपाचा डबाही आला. दुष्काळात एवढं तूप कुठून काढलंस रे? चांगुणानं लेकरांच्या तोंडचं काढलं असणार.

पत्र मी उभ्या उभ्या वाचलं आणि मग खाली बसले. तू लिहितोस, पोरगा मास्तरांकडे अभ्यासाला लागला हे पारावर सगळ्यांना सांगितलं. भूमिती पक्की होत चालली आहे हेही सांगितलं. गावातल्या बन्सीनं शब्द दिलाय की यंदा मॅट्रिक झाला की साखर कारखान्याच्या ऑफिसात चिकटवतो. परीक्षेच्या दिवशी तू स्वतः दही-साखर घेऊन येणार आहेस. आणि शेवटी विचारलंयस, फॉर्म वेळेवर भरला ना?

आसाराम, फॉर्म भरलेला नाही. राधाकृष्ण मास्तर हे टेलर मास्तर आहेत.

थांब, पत्र फेकू नकोस. मी एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही, मागचं पत्र काढून बघ. खडू-पट्टी असते म्हटलं, ती असतेच. मागचं सोडवायला लावतात म्हटलं, ते टाके. जुने सदरे, फाटकी पोलकी, कुणाचा तरी बाबाआदमच्या काळातला कोट, सगळं त्याच्यापुढं टाकतात आणि सांगतात, टाका न् टाका सोडव, कापड फाटता कामा नये. तुला कळणार नाही असं लिहिलं हे मात्र खरं. कळलं असतं तर दुसऱ्या एसटीनं येऊन तू त्याची बकोटी धरली असतीस, आणि पोरगं तेव्हा कुठं जरा मान वर करायला लागलं होतं.

झालं ते असं. माझं एक पोलकं दंडाला घट्ट व्हायला लागलं. (हसू नकोस, तुझी बायको माझ्याहून जाड आहे.) ते सैल करायला टाकलं होतं, आणायला गहिनीला पाठवला. गेला तो आलाच नाही. मला वाटलं, बसला असेल नदीवर जाऊन. ऊन कलल्यावर आला, पोलकं विसरून. "कुठं होतास?" तर म्हणाला, "आत्या, सुई खाली जाती ना, तवा खालून दुसरा दोरा येतो. वरून दिसत न्हाई. पर धरून त्योच ठिवतो."

माझ्या घरी आल्यापासून तो एवढं सलग वाक्य बोलला नव्हता. व्हय, न्हाई, नको, यावर सगळं भागत होतं. मी पिठाचे हात तसेच ठेवून त्याच्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी मीच दुकानात गेले. मास्तर म्हणाले, "काल पोरगं पायरीवर बसून होतं. मी हटकलं नाही. बघणाऱ्याला हटकू नये." मी सांगितलं, मास्तर, दोनदा नापास झालंय, घाबरलेलं आहे, तुम्ही रागावलात तर पुन्हा येणार नाही. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाई, माझ्याकडे काम उसवण्यापासून सुरू होतं. त्यात नापास व्हायला जागाच नाही."

पुरता दिवाळीनंतरचा महिना नुसतं उसवणं. मग काज-बटण. मग मशीनवर सरळ टीप, तीही आधी दोरा न ओवता, जुन्या वर्तमानपत्रावर. संक्रांतीच्या सुमाराला पहिल्यांदा कातर हातात दिली आणि एका गड्याची पैरण बेतायला लावली. पठ्ठ्यानं दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या कापल्या! कापड गिऱ्हाइकाचं. तोंड पांढरं पडलं त्याचं, कातर ठेवून चपला शोधायला लागला. मास्तरांनी बाह्या उचलल्या, उलट्यापालट्या केल्या आणि खदाखदा हसले. म्हणाले, "बस खाली. ही चूक केल्याशिवाय कुणी टेलर झालेला मला दाखव. मी माझ्या सासऱ्याच्या सदऱ्याला केली होती, आणि तो घालून ते पंक्तीला बसले होते." त्या बाह्यांच्या पिशव्या झाल्या, त्यातली एक माझ्याकडे लसूण ठेवायला आहे. गड्याला मास्तरांनी दुसरं कापड दिलं. दुसऱ्या दिवशी गहिनी नेहमीच्या आधी दुकानात हजर.

आता तुझा राग. आपल्या घरात कुणी सुई धरली नाही, असं तू म्हणणार. आपल्या आईच्या गोधड्या विसरलास? तिच्या हाताच्या टाक्यांखाली आपण सगळी भावंडं वाढलो. तिच्या हातात सुई चालली, पोराच्या हातात का चालू नये? आणि तुझा टेलर लोकांवर राग का, ते मला ठाऊक आहे. मोट हाकताना विहिरीकाठच्या थारोळ्यात पडलास तेव्हापासून उजवा खांदा खाली आला, आणि तेव्हापासून तुझा एक सदरा धड बसलेला नाही. पाथर्डीचा टेलर चोर, शेवगावचा आंधळा, नगरचा लबाड. अरे, ते काय करतील? टेप अंगाला लागला की तू शिपायासारखा ताठ होतोस, खांदा वर ओढून धरतोस. ते सरळ माणसाचं माप घेतात आणि तू वाकडा होऊन घरी येतोस.

तेवढं एक मागते तुझ्याकडे. त्याला उठवून नेऊ नकोस. बन्सीच्या ऑफिसात तो चिकटेल, चिकटवलेलं निघतंसुद्धा. इथं त्याला कुणी चिकटवलेलं नाही.

तूप मास्तरांना दिलं. कशाबद्दल, विचारलं. म्हटलं, पोराचे वडील तुमच्यावर फार खूश आहेत.

तुझी,
मालनअक्का


कोल्हार,
ता. १४ मार्च १९७३

चि. आसाराम,

आशीर्वाद आहेच, पण आज आधी भांडण.

लिहायचं तर पाकिटात लिहावं. तू कार्ड टाकलंस. "पोराला ताबडतोब परत पाठव. आपल्यातला पोरगा बायकांच्या चोळ्या शिवणार नाही. शिवायच्या असतील तर त्याला बाप नाही असं समजावं." आमचा पोस्टमन कार्ड वाचल्याशिवाय देत नाही, ती त्याची सवयच. त्यानं ते मास्तरांच्या दुकानातच दिलं, चार गिऱ्हाइकांपुढं, वर गहिनीला म्हणाला, "तुझ्या बापाचं हाय, लई तापल्यात."

पोरगं घरी आलं आणि पडवीत भिंतीकडे तोंड करून झोपलं. तीच जागा, तसंच. जेवला नाही. सकाळी उठलाच नाही. मी हाक मारली तर म्हणाला, "आत्या, माझी पिशवी भर. जातो मी." आसाराम, मी भ्याले. घरी जातो म्हणाला असता तर एवढी भ्याले नसते.

दुपारी राधाकृष्ण मास्तर आले. दुकान सोडून ते कुणाच्या दारात जात नाहीत. गळ्यात टेप तसाच, काखेत पांढऱ्या कापडाचा तागा. मला वाटलं, समजूत घालतील. ते त्याच्याजवळ फरशीवर बसले आणि म्हणाले, "गहिनी, तुझ्या वडलांना नेहरू शर्ट बेतायचाय. माप सांग."

"मला न्हाई ठावं."

"कधी घेतलं नाहीस?"

"त्यांच्या अंगाला हात कोन लावंल?"

मास्तर म्हणाले, "हात नको लावू. डोळे मीट. ते दारातून आत येतायत. सांग मला काय दिसतं."

मग पोरगं भिंतीकडे तोंड असतानाच बोलायला लागलं. उजवा खांदा खाली, हाताच्या दोन बोटांएवढा. त्यामुळं गळपट्टी उजवीकडं ओघळते, आण्णा ती सारखी डाव्या हातानं सरळ करतात. उजवी बाही लांब होते म्हणून एक घडी जास्त घालतात. शर्टाचं टोक उजव्या मांडीवर खाली लोंबतं. डावीकडं खिसा असला तर त्यांना जड जातो, बटवा काढायला उजवा हात तेवढा वर जात नाही, म्हणून खिसा खाली पाहिजे, बाजूला. बसतात तेव्हा पाठ भिंतीला लावत नाहीत. दुखते, पण सांगत नाहीत.

मी दारात उभी होते. भाऊ माझा, मला यातलं निम्मं माहीत नव्हतं. तू त्याला वर्षानुवर्षं मान खाली घालून उभा केलास, आणि त्या खालच्या मानेनं तो तुलाच बघत होता रे.

मास्तरांनी तागा पुढं सरकवला. "ऊठ. मी खडूसुद्धा धरणार नाही."

त्यानं तो एकट्यानं बेतला, एकट्यानं शिवला. मास्तर शेजारी बसून काज करत राहिले. एकदाच काय ते म्हणाले, "खांद्याला घाई नको."

तो शर्ट या पार्सलात आहे. पोरगा कुठं जाणार नाही, मी त्याची पिशवी माझ्या पेटीत घातली आहे. तू शर्ट एकदा घालून बघ. नाही बसला तर परत पाठव, टाके सोडवायला तो शिकलेला आहे. आणि बसला तर तुझं कार्ड माझ्याकडे जपून ठेवलंय, ते चुलीत घालायची परवानगी दे.

मालन


कोल्हार,
ता. २ मे १९७३

माझ्या आसाराम,

तुम्ही दोघं सकाळी एसटीत बसलात आणि मी रात्रीच लिहायला घेतलं. आत्ताच भेटलो, आता काय लिहायचं असं म्हणशील. पण तू गेल्यावर जे झालं ते तुला कळायलाच हवं, आणि तू इथं होतास तेव्हाचंही थोडं, कारण तेव्हा तुझी पाठ माझ्याकडे होती.

चांगुणानं मला चुलीपाशी सगळं सांगितलं. पार्सल तू फडताळावर फेकलंस, कुणाला हात लावू दिला नाहीस. मग गावातल्या श्रीमंतभाऊच्या लेकीचं लग्न आलं. धुवायला पाणी नाही, घरात एक सदरा धड स्वच्छ नाही. शिव्या देत देत तू पार्सल फोडलंस. घातलास, आरशापाशी गेलास, काढलास, पुन्हा घातलास, आणि मग चांगुणाला म्हणालास, "टोपी दे." मांडवात गोरक्षनाथ पाव्हण्यानं सगळ्यांदेखत विचारलं, "आसारामदादा, खांदा बरा झाला व्हय?" आणि तू म्हणालास, "खांदा हाय तसाच हाय. पोरानं शिवलाय."

चांगुणा हे सांगताना रडत होती आणि भाकरी करपवत होती. मी तिला तीनदा सांगायला लावलं.

मग तू दुकानात आलास. न कळवता, तोच शर्ट घालून, आणि मी तुझ्या मागोमाग. गहिनी मशीनवर होता, त्याचा पाय थांबला. मला वाटलं, आता हा उठून मागच्या दारानं जातो. मास्तरांनी नमस्कार केला, तू केलास. तूप चांगलं होतं म्हणाले, तू इकडंतिकडं बघितलंस. आणि मग बाकावर न बसता मधोमध उभा राहिलास, दोन्ही हात जरा बाजूला केलेस आणि म्हणालास, "कोट बेतायचाय. माप घे."

मास्तर टेप घेऊन उठले तर तू म्हणालास, "तुमी नको. त्यो घील."

आता मी काय बघितलं ते ऐक. तुला दिसलं नसेल. टेप तुझ्या पाठीला लागला आणि मी मनात म्हटलं, आता हा ताठ होणार, खांदा वर ओढणार, जन्मभर ओढला तसा. नाही ओढलास. होता तसा खाली सोडलास, आपल्या पोराच्या हातात. त्यानं त्या खांद्यावर तळहात ठेवला, मापाला लागतो त्याहून जास्त वेळ ठेवला, आणि आकडा इतका हळू सांगितला की मला ऐकू आला नाही. मास्तरांनी पुन्हा विचारलं नाही. ते खाली मान घालून खडूला टोक काढत होते.

मला एवढा आनंद झाला, आसाराम, की मी पेठेतून घरी न जाता देवीला गेले. आणि खण न नेता गेले, हे देवळात शिरल्यावर लक्षात आलं. देवीला म्हटलं, खणाची चोळी माझा भाचा शिवून देईल तुला.

आता तू गेल्यावरचं.

तुम्हाला गाडीत बसवून आम्ही दुकानाकडे आलो. मास्तर चहाला गेले होते. गहिनी मशीनवर बसला. बाजारहाटाला आलेली एक बाई, इथली नव्हती, लोणीकडची असावी, कडेवर पोर, हातात लेकीच्या परकराचं कापड. दारातूनच तिनं हाक मारली, "ओ मास्तर! परकर कधी द्याल?"

पोरानं मागं वळून बघितलं. मास्तर आले की काय म्हणून. मागं कुणी नव्हतं, भिंत होती. मग त्यानं माझ्याकडे बघितलं. मी रस्त्याकडे बघत राहिले, मला काही ऐकूच आलं नाही असं. तेव्हा तो उठला, कापड हातात घेतलं, उजेडाकडे धरलं आणि म्हणाला, "बुधवारी या, बाई. पोरीला इकडं आना, माप घिऊ द्या."

राधाकृष्ण मास्तर टपरीवरून हे सगळं बघत होते. चहा संपला तरी मुद्दाम आले नाहीत. संध्याकाळी त्यांनी दुसरं मशीन उजेडाच्या खिडकीपाशी ओढलं आणि म्हणाले, तिथं गहिनी बसेल, त्याची गिऱ्हाइकं त्याची.

तुझं कार्ड मी चुलीत घातलं. परवानगी आली नव्हती, पण त्या खांद्यानं दिली असं मी धरलं. आज त्याच विस्तवावर शेंगोळे शिजले, पोरगं दोनदा वाढून घेऊन जेवलं.

आता गावात खुशाल सांग, पारावर सांग, बन्सीला तर घरी जाऊन सांग. पोरगा मास्तरांच्या हाताखाली आहे असं मी लिहिलं होतं, ते तू चुकीचं वाचलंस. आता मीच लिहिते, आणि हवं तसं वाच, चुकणार नाहीस: आपला पोरगा मास्तर झाला.

तुझी बहीण
आणि गहिनी मास्तरांची आत्या,
मालन